गवताचा रोजमेळ

आमचा व्यवसाय हळदीच्या अडतीचा. सांगलीच्या मार्केट यार्डात आजोबांच्या काळापासून आमचा गाळा आहे आणि यंत्रांशी आमचा संबंध वजनकाट्यापलीकडे फारसा कधी आला नाही. असे असताना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि ते स्वतः खांद्याला अडकवून चालवू लागलो, याचे आप्तेष्टांना नवल वाटले. काहींनी थट्टा केली. एका वयोवृद्ध नातलगांनी मात्र गंभीरपणे विचारले, "अरे, आपण चातुर्मासात पालेभाजी सोडतो, आणि तू त्याच दिवसांत गाडाभर गवत कापतोस?" त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. दोन पावसाळे ते यंत्र वापरल्यानंतर जे थोडेफार उमगले, ते येथे मांडतो आहे.

1998 साली वडिलांनी गावाबाहेर दहा गुंठे जागा घेऊन घर बांधले. घराने तीनएक गुंठे व्यापले, उरलेली जागा मोकळी राहिली. जमीन काळी, कसदार. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत हरळी, कुंदा, लव्हाळा, आघाडा असे सगळे एकदमच वर येते आणि श्रावण लागेपर्यंत कमरेएवढे होते. वडील हयात असताना या गवताची चिंता आम्हास कधी करावी लागली नाही. जवळच्या वस्तीवरील एक बाई, आम्ही त्यांना मावशी म्हणत असू, विळा घेऊन येत आणि आपल्या म्हशीसाठी रोज एक भारा कापून नेत. त्यांना वैरण मिळे, आमची जागा मोकळी होई. पैशाची देवघेव नव्हती. दिवाळीला आई त्यांना लुगडे देई आणि म्हैस व्याली की त्या आमच्याकडे खरवस आणून देत, एवढाच व्यवहार.

तीन वर्षांपूर्वी मावशींचे गुडघे थकले, म्हैसही विकली गेली आणि त्यांचे येणे थांबले. त्या वर्षी गवत वाढतच राहिले. आज कोणाला तरी सांगू, उद्या सांगू, असे करता करता आषाढ संपत आला. आई पहाटे मंदिरात अभिषेकाला जाते. घरापासून फाटकापर्यंतची पायवाट गवताने दोन्ही बाजूंनी झाकून गेली होती. एके दिवशी उजाडताना तिला पायरीजवळ प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. ती जागीच थांबली म्हणून वाचली. दोन हातांवर घोणस होती. सर्पमित्राला बोलावले. त्याने तिला अलगद पकडून दूर नेऊन सोडले आणि जाताना सांगितले, "काका, उंदीर-बेडकांच्या मागे ती येते आणि उंच गवतात बसते. घराभोवतीचं गवत आखूड ठेवा, विटांचा ढीग हलवा. एवढं केलंत तरी पुष्कळ आहे."

आईचे वय तेव्हा एकोणऐंशी होते. मंदिरात जाणे ती सोडणार नव्हती आणि तिने सोडावे असे म्हणण्याचा मला अधिकारही नव्हता. आता गवताचे काहीतरी करणे भागच होते. कोणी तणनाशक फवारण्याचा सल्ला दिला, पण आमच्या पिण्याच्या पाण्याची बोअर त्याच जागेत आहे. कोणी म्हणाले, वाळल्यावर पेटवून द्या. आग लावण्याचा विचारसुद्धा आमच्या घरात कोणी ऐकून घेतला नसता. सौभाग्यवतींनी सुचवले की तासावर मशीन घेऊन येणारी माणसे मिळतात, त्यांना लावावे. ते मला पटले होते. परंतु त्या दिवसांत ती माणसे ऊसपट्ट्यात अडकलेली होती, पंधरा दिवस कोणी येईना. अखेरीस मी बाजारात जाऊन यंत्रच घेऊन आलो.

ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एक लांब नळी, तिच्या वरच्या टोकाला लहानसे इंजिन आणि खालच्या टोकाला फिरणारे डोके. डोक्याला लोखंडी पातेही बसवता येते, पण साध्या गवताला लागतो तो नायलॉनचा जाड तंगूस. मासे धरणाऱ्यांच्या गळाला असतो त्याच जातीचा, फक्त जाड. इंजिन सुरू झाले की तंगुसाची दोन टोके मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि वेगामुळे ताठ होऊन गवत छाटतात. तंगूस झिजून आखूड झाला की डोके जमिनीवर हलके आपटावे, आतील रिळातून नवा तुकडा बाहेर येतो. ही कल्पना मूळची अमेरिकेतील. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातील जॉर्ज बॅलास नावाच्या गृहस्थांना 1971 साली मोटारी धुण्याच्या केंद्रातील फिरते ब्रश पाहून ती सुचली. झाडाच्या सालीला इजा न करता बुंध्याभोवतीचे गवत कसे काढावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी टिनच्या डब्याला भोके पाडून त्यांत गळाची दोरी ओवली आणि तो डबा यंत्रावर फिरवून पाहिला. झाडाला जपण्याच्या विचारातून हे यंत्र निघाले, हे मला पुढे कळले तेव्हा बरे वाटले. मात्र पहिल्या दिवशी मला जपण्याचे काहीही ठाऊक नव्हते.

दुकानदाराने शिकवले ते इतकेच. एक लिटर पेट्रोलमध्ये 40 मिलिलिटर टू-टी ऑईल मिसळायचे, चोक ओढायचा, दोरी खेचायची, इंजिनाने सूर धरला की चोक सोडायचा. आठ किलोंचे ओझे पट्ट्याने खांद्याला अडकवून मी रविवारी सकाळी सातला कामाला लागलो. गवत दवाने भिजलेले होते. फाटकापासून सुरुवात करून मी घराकडे कापत आलो, म्हणजे चारही बाजूंनी मोकळे करत मध्ये जो उंच पुंजका उरेल तो शेवटी कापायचा, असा बेत होता. अर्ध्या तासात हात सरावला. आडवे गवत पाहून एक प्रकारचा हुरूपही आला. यंत्राच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नव्हते, चष्म्यावर हिरव्या रसाचे शिंतोडे साचले होते. शेवटचा पुंजका कापत असताना तंगूस कशाला तरी मऊशा वस्तूला लागला. मी यंत्र बंद केले.

तो बेडूक होता. मागचे दोन्ही पाय गेले होते, पण जीव होता. तोंड उघडत होता, मिटत होता. मग मी आजूबाजूला पाहिले. कापलेल्या गवतात नाकतोडे होते, अळ्या होत्या, एक लहान सरडा होता. सारे काही भिऊन मध्ये मध्ये सरकत गेले होते आणि मी चारही बाजूंनी वाट बंद करत आणली होती.

आई पायरीवर उभी होती. ती खाली उतरली, बेडकाजवळ बसली आणि हळू आवाजात णमोकार म्हणत राहिली. पाच-सात मिनिटांनी त्याची हालचाल थांबली. आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी ती एकाशनाला बसली तेव्हा मी विचारले, "आई, आज कोणती तिथी?" ती म्हणाली, "तिथी नाही रे. माझ्या वाटेसाठीच झालं ना ते सगळं? मग माझ्याही वाट्याला काही नको का?"

त्या उत्तराने मला अस्वस्थ केले. लहानपणापासून पाठशाळेत आपण कृत, कारित, अनुमोदित हे शब्द घोकतो. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि करणाऱ्यास संमती दिलेले, या तिन्हींचा हिशेब एकाच खात्यात जमा होतो, हे आपणा सर्वांस पाठ आहे. आईने कापण्याचे यंत्र हातातही धरले नव्हते, तरी तिने आपला वाटा ओळखला. मी मात्र वीस-बावीस वर्षे गवत कापवून घेत होतो आणि त्याची नोंद माझ्या मनात कधी झाली नव्हती. मावशी कापत, भारा जाई, जागा स्वच्छ दिसे. घाम त्यांचा, विळा त्यांचा, म्हणून पापही जणू त्यांचेच. तासावर माणूस लावण्याचा बेत मला चटकन पटला होता, त्याच्या मुळाशी हेच होते. तो कापेल, आपण आत बसू, संध्याकाळी पैसे देऊ.

मावशींच्या कापण्याचा मी नव्याने विचार केला. त्या डाव्या हाताने गवताची मूठ धरत आणि मग विळा लावत. मुठीत काय आले आहे ते हाताला कळे. एकदा टिटवीची अंडी जमिनीवर दिसली म्हणून त्यांनी तेवढा तुकडा महिनाभर सोडला होता, हे मला आईने आता सांगितले. मी तेव्हा घरातच होतो, पण मला ते माहीत नव्हते. ज्याला आपण अडाणी समजतो त्या हातात अधिक यत्नाचार होता आणि शास्त्र शिकलेला मी मध्ये उरलेल्या पुंजक्यावर आवेशाने तुटून पडलो होतो.

यंत्र विकून टाकावे, असे चार दिवस वाटले. पण विकून प्रश्न सुटत नव्हता. गवत पुन्हा वाढणार, आई पुन्हा पहाटे त्याच वाटेने जाणार. गृहस्थाच्या वाट्याला येणाऱ्या हिंसेचे आपल्याकडे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. पहिली सर्वथा त्याज्य. घरसंसार चालवताना जी घडते ती आरंभी, आणि ती टाळता येत नसेल तर कमीत कमी करावी, अशी अपेक्षा आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे हे त्यात येते. मी स्वतःला विचारले, दहा गुंठ्यांतील किती गवत कापण्याला कारण होते? पायवाट, घराभोवतीचा सहा फुटांचा पट्टा आणि बोअरपर्यंतची वाट. मोजून पाहिले तर सारे मिळून दीड गुंठाही भरेना. बाकीचे मी केवळ यंत्र हातात होते म्हणून कापले होते.

तेव्हापासून मी काही नियम ठरवले. ते कोणी साधूंनी दिलेले नाहीत, अनुभवाने बसवलेले आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या घराभोवती, कारखान्याभोवती किंवा गोदामाभोवती मोकळी जागा आहे, त्यांना कदाचित उपयोगी पडतील.

पहिला नियम, कापण्याआधी चालायचे. हातात लांब काठी घेऊन जेवढे कापायचे तेवढ्या जागेतून दोनदा सावकाश फिरायचे, गवत हलवायचे आणि मग पंधरा मिनिटे थांबायचे. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट हवेतच. दुसरा, दव असताना कापायचे नाही. गारठलेला कीटक उडू शकत नाही. ऊन तापले, गवत कोरडे झाले की जीव स्वतःहून हलतात, शिवाय यंत्रालाही कोरडे गवत सोपे जाते. तिसरा, नेहमी घराकडून कुंपणाकडे कापत जायचे. ज्यांना निघून जायचे आहे त्यांना पुढे वाट मोकळी राहिली पाहिजे. मी पहिल्या दिवशी नेमके उलट केले होते. चौथा, जमिनीलगत खरवडायचे नाही. चार-पाच बोटे गवत राखले तरी वाटेवर साप सहज दिसतो, मातीतील जीवांना आसरा राहतो, माती वाहून जात नाही आणि तंगूस दगडावर आपटत नाही. एकदा मी फार खाली गेलो आणि उडालेल्या खड्याने स्वयंपाकघराची काच फुटली. तेव्हापासून डोळ्यांना बंद चष्मा असल्याखेरीज आणि आसपास कोणी नसल्याची खात्री केल्याखेरीज मी दोरी खेचत नाही.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि तो मला आमच्या धंद्याने शिकवला. रोजमेळ रोज लिहिला तर दहा मिनिटांचे काम असते, महिनाभर साचू दिला तर रात्र पुरत नाही आणि चुका होतात त्या वेगळ्याच. गवताचेही तसेच आहे. ते कमरेएवढे झाले म्हणजे त्यात संसार वसतात, मग हात लावला की मोडतात. वाट पहिल्या पावसापासून दर आठ दिवसांनी कापली तर तेथे कोणी घर करत नाही. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पेट्रोलही थोडे लागते. चातुर्मासापूर्वी आपण घरातील धान्य उन्हात घालतो, डबे पुसतो, ओल काढतो, ते जीवोत्पत्ती होऊ नये म्हणूनच ना? मी आषाढ संपेपर्यंत आळस केला आणि त्या आळसाची किंमत त्या बेडकाने मोजली.

गाजरगवताचे मात्र निराळे. हे आपले मूळचे नव्हे. 1955 साली पुण्यात त्याची प्रथम नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. फुलावर आलेले गाजरगवत यंत्राने कापले की परागकण आणि रस उडून अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. शिवाय छाटल्यावर ते बुडातून पुन्हा फुटते. ते पावसाच्या सुरुवातीला, जमीन ओली असताना, हातमोजे घालून फुलण्याआधी मुळासकट उपटणे हाच उपाय. त्याच्या पानांवर करड्या रंगाचे, काळसर रेघांचे लहान भुंगे दिसले तर तेवढी झाडे मी राहू देतो. हे भुंगे गाजरगवतावर जगावेत म्हणून मेक्सिकोहून मुद्दाम आणवलेले आहेत. आपले काम ते आपापल्या गतीने करतात.

यंत्र घरात आहे हे कळल्यावर शेजारीपाजारी ते मागू लागले. कोणाला नाही म्हणणे व्यापाऱ्याच्या जिवावर येते. पण अनर्थदंडाच्या त्याच पाच प्रकारांत हिंसादान आहे: कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी अशी साधने विचार न करता दुसऱ्याच्या हाती देणे. पूर्वी हे वाचताना मला ते जुन्या काळचे वाटे. आता ठरवले आहे की यंत्र एकटे कोठे जाणार नाही, ते जाईल तेथे मी जाईन. दोन घरांच्या वाटा मी स्वतः जाऊन मोकळ्या केल्या. एका गृहस्थांना मात्र सगळा भूखंड साफ करून पेटवायचा होता. त्यांना मी नकार दिला. ते काही महिने बोलत नव्हते. त्याचे वाईट वाटले, पण नकाराचे नाही.

या यंत्रात दोष नाहीत असे नाही. त्याचा धूर वाईट, आवाज त्याहून वाईट. मंदिरात पूजा चालू असते त्या वेळी मी ते लावत नाही. तंगूस झिजतो म्हणजे नायलॉनचे बारीक कण मातीतच जातात, त्यावर मला उपाय सापडलेला नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओलावा धरते. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले नाही, तर पुढच्या वेळी कार्ब्युरेटर हमखास रुसतो. बॅटरीवरची यंत्रे आली आहेत, ती शांत असतात. हे जुने झाले की तसले घेण्याचा विचार आहे. आणि यंत्राने चुरा केलेले, पेट्रोलचा वास लागलेले गवत कोणतेही जनावर तोंडात घेत नाही. मावशींचा भारा नेणे थांबले तसे आमच्या गवताचे वैरण होणेही थांबले होते.

त्याची भरपाई थोडी झाली आहे. मागची बाकीची जागा मी आता यंत्राने कापत नाही. गेल्या वर्षी मावशींना भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या सुनेने दोन शेळ्या घेतल्याचे कळले. ती विळा घेऊन येते आणि लागेल तेवढे नेते. पुढे ती खरवस आणणार नाही, हे उघड आहे. पण तिने कापताना मी घरात बसून राहत नाही. सुट्टीच्या दिवशी तिच्यापुढे काठी घेऊन गवत हलवत चालतो. पहिल्यांदा ती हसली होती, आता सवय झाली आहे.

गेल्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी आप्तेष्टांची क्षमा मागून झाल्यावर मी एकटाच मागच्या गवताजवळ जाऊन उभा राहिलो. तेथे कोणाचे नाव घेणार? जे दिसले ते, जे दिसलेच नाहीत ते, सर्वांना हात जोडले आणि परत आलो. एवढे करून माझा हिशेब चुकता झाला, असा माझा समज नाही. माझ्या नातलगांच्या प्रश्नालाही पूर्ण उत्तर मिळाले आहे असे मी म्हणणार नाही. गवत कापल्याने दोष लागतोच. तो कोणाच्या तरी गळ्यात बांधून आत बसायचे नाही, इतकेच ठरवले आहे.

आई यंदा एक्याऐंशी पूर्ण करेल. तिची वाट मोकळी असते. रविवारी मी खांद्याला पट्टा अडकवून बाहेर येतो, तेव्हा ती जपमाळ बाजूला ठेवून खिडकीतून एकच प्रश्न विचारते, "आधी फिरून आलास का?" एखाद्या दिवशी घाईत राहून गेलेले असते. मग मी यंत्र खाली ठेवतो आणि काठी घेऊन निघतो.